क्युपर्टिनोच्या चाळण्या

ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर घराची सगळी कागदपत्रं पसरली होती. ताई म्हणजे माझी मामेबहीण. पंचवीस वर्षांपूर्वी कोल्हापूरहून अमेरिकेत गेली आणि आता कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला राहते. गृहकर्जाचं काहीतरी काम निघालं होतं, म्हणून आम्ही फाईल लावत बसलो होतो. जुन्या अटींच्या नकलेला जोडलेलं एक पान माझ्या हाती लागलं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की या दस्तऐवजात वंश, वर्ण, धर्म अशा कशाच्याही आधारावर एखादं बंधन असेल, तर ते कायद्याविरुद्ध आहे आणि रद्दबातल आहे.

मी ताईला विचारलं, "हे कशाला?"

"असतं ते. सगळ्यांच्याच फाइलींत असतं," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

ते पान माझ्या डोक्यातून गेलं नाही. एखादी गोष्ट रद्द आहे असं छापून द्यावं लागतं, म्हणजे ती कधीतरी चालू होती. आज ज्या गावात दर तीन माणसांतली दोन आशियाई वंशाची आहेत, जिथे रस्त्यावरून चालताना कानावर मराठी पडतं, त्या भागात एके काळी कुणी घर घ्यायचं आणि कुणी नाही हे खरेदीखतात लिहिलं जाई. मग हे बदललं कसं? आणि बदल होत असताना गाव गरीब न होता उलट आणखी श्रीमंत कसं झालं? हे नीट समजून घ्यायला हवं, कारण याचं सोपं उत्तर आपण मराठी माणसं फार लवकर देतो: "आपली मुलं हुशार, म्हणून." ते उत्तर अपुरं आहे.

आधी आकडे. २००० सालच्या जनगणनेत क्युपर्टिनोची लोकसंख्या ५०,५४६ होती. त्यात गोरे साधारण निम्मे आणि आशियाई ४४ टक्के. दहा वर्षांत लोकसंख्या ५८,३०२ झाली, आशियाई ६३ टक्क्यांवर गेले आणि गोरे ३१ टक्क्यांवर आले. त्या वेळी गावात चिनी वंशाचे साधारण २८ टक्के होते आणि भारतीय साडेबावीस टक्क्यांच्या आसपास. २०२० मध्ये लोकसंख्या ६० हजारांच्या थोडी पुढे गेली आणि आशियाईंचा वाटा आणखी वाढला. मागे जाऊन १९९० पाहिलं, तर आशियाई जेमतेम पाव हिस्सा होते. म्हणजे एका पिढीत, एक मूल बालवाडीत जाऊन नोकरीला लागेपर्यंतच्या काळात, गावाचा चेहरा पालटला.

उत्पन्नाचं पाहू. २००० च्या जनगणनेत इथल्या कुटुंबाचं मध्यक उत्पन्न वर्षाला एक लाख डॉलरच्या किंचित वर होतं. सगळ्या अमेरिकेचं तेव्हा ४२ हजार. २०२२ च्या आसपास क्युपर्टिनोचा आकडा सव्वादोन लाखांजवळ पोचला आणि देशाचा होता सुमारे ७५ हजार. मधल्या काळातली महागाई वजा केली, तर ही वाढ सव्वापटीहून थोडी जास्त भरते. तरीही गाव आणि देश यांच्यातलं अंतर रुंदावलं हे खरंच.

'मध्यक' म्हणजे काय ते इथेच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गावातली सगळी कुटुंबं उत्पन्नाप्रमाणे एका रांगेत उभी करा, सगळ्यात कमी कमावणारं डावीकडे, सगळ्यात जास्त कमावणारं उजवीकडे. बरोबर मधोमध जे कुटुंब येईल, त्याचं उत्पन्न म्हणजे मध्यक. सरासरी वेगळी. एखादा अब्जाधीश राहायला आला की सरासरी उडी मारते, मध्यक जागचा हलत नाही. म्हणून तो जास्त भरवशाचा. पण त्यालाही कडा आहेत. जनगणना खात्याच्या दरवर्षीच्या पाहणीत अडीच लाख डॉलरच्या पुढचा मध्यक छापतच नाहीत, नुसतं 'अडीच लाखांहून अधिक' असं लिहितात. क्युपर्टिनोच्या जवळच्या लॉस आल्टोस हिल्ससारख्या गावांचं खरं उत्पन्न किती, ते त्या तक्त्यावरून कळतच नाही.

आणि हा आकडा कुटुंबाचा असतो, माणसाचा नसतो. एका छपराखाली दोघं कमावणारी असली की तो दुप्पट दिसतो. हे लक्षात ठेवा, पुढे ताईच्याच गोष्टीत लागणार आहे.

वंशाच्या आकड्याला तर त्याहून मोठी मेख आहे. जनगणनेत खाना जसा आखला असेल तसा माणूस दिसतो. भारतीय माणूस अमेरिकेच्या कागदावर किती वेळा बदलला ते बघा. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भारतीय हे 'गोरे' नाहीत, सबब त्यांना नागरिकत्व मिळणार नाही. १९७० च्या जनगणनेत त्याच भारतीयांची गणती गोऱ्यांमध्ये झाली. १९८० पासून त्यांना 'आशियाई भारतीय' असा स्वतंत्र खाना मिळाला. माणसं तीच, कातडी तीच, फक्त रकाना बदलला. तेव्हा १९८० च्या आधीच्या तक्त्यांवरून "तेव्हा इथे भारतीय नव्हतेच" असं कुणी म्हणालं तर विचारायचं, मोजले कुठल्या खान्यात होते?

शिवाय कुणाला मोजायचं हाही नियम असतो. संध्याकाळी मेमोरियल पार्कमध्ये गेलं की साडीवर स्वेटर आणि पायात पांढरे बूट घातलेल्या आज्या आणि कानटोपीवाले आजोबा दिसतात. सहा महिन्यांच्या व्हिसावर लेकाकडे, लेकीकडे आलेले. रोज त्याच बाकांवर बसतात, कुणाची सून कशी यापासून गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत सगळं बोलतात. ते पाहुणे म्हणून आलेले असतात, त्यामुळे जनगणनेत नसतात. गाव डोळ्यांना जितकं भारतीय दिसतं तितकं कागदावर दिसत नाही, याचं हे एक साधं कारण.

आता 'विविधता' हा शब्द. बोलण्याच्या ओघात आपण गोरे कमी झाले की विविधता वाढली असं म्हणून टाकतो. तसं नसतं. विविधता मोजण्याची एक सोपी रीत जनगणना खातं स्वतः वापरतं: गावातून डोळे मिटून दोन माणसं उचलायची आणि ती वेगवेगळ्या वंशांची निघण्याची शक्यता किती ते पाहायचं. सगळे एकाच वंशाचे असतील तर शून्य. संपूर्ण अमेरिकेसाठी हा आकडा २०१० मध्ये सुमारे ५५ टक्के होता, २०२० मध्ये ६१. क्युपर्टिनोसाठी जनगणनेचे वाटे घेऊन मी वहीत हिशेब मांडला. १९९० साठी चाळीसच्या आसपास येतो, २००० साठी सत्तावन्नच्या आसपास आणि २०१० साठी एक्कावन्न. म्हणजे शतक पालटताना, गोरे आणि आशियाई जवळजवळ बरोबरीत होते तेव्हा, गाव सगळ्यांत मिसळलेलं होतं. त्यानंतर विविधता घटू लागली. आधी एका रंगाचं बहुमत होतं, आता दुसऱ्या रंगाचं झालं आहे. आशियाई या एका शब्दाखाली तैवानी, तमिळ, कोरियन, पंजाबी, मराठी असे सगळे येतात हे खरं आणि त्या अर्थाने गाव फार रंगीबेरंगी आहे. पण २०१० मध्ये इथे कृष्णवर्णीयांचं प्रमाण ०.६ टक्के होतं आणि हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत मूळ असलेल्या लोकांचं ३.६ टक्के. आणि हा कॅलिफोर्निया आहे, जिथे हिस्पॅनिक लोक राज्याच्या लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून जास्त आहेत. हे दोन छोटे आकडे मला सगळ्यांत बोलके वाटतात. त्यांच्याकडे परत येऊ.

सुरुवात करायची तर बागांपासून करायला हवी. क्युपर्टिनो ज्या खोऱ्यात आहे, त्या सांता क्लारा खोऱ्याला एके काळी हृदयानंदाची दरी अशा अर्थाच्या नावाने ओळखत. मैलोन्‌मैल आलुबुखार, जर्दाळू, चेरी. उन्हाळ्यात जर्दाळू कापून, बिया काढून लाकडी तबकांवर उन्हात वाळवायचे. या बागांत राबणाऱ्या हातांत चिनी, जपानी, फिलिपिनो, मेक्सिकन असे सगळे होते. पण जमीन त्यांची नव्हती. १९१३ च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने 'नागरिकत्वाला अपात्र' परदेशीयांना शेतजमीन घ्यायला बंदी केली. अपात्र कोण, तर आशियाई. १९४२ मध्ये जपानी वंशाच्या कुटुंबांना तर घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. हा जमीनबंदीचा कायदा न्यायालयाने मोडीत काढला तो १९५२ मध्ये.

युद्धानंतर सॅन होजे शहर आजूबाजूचा भाग भराभर गिळू लागलं. त्यात विरघळून जायचं नाही म्हणून क्युपर्टिनोकरांनी ऑक्टोबर १९५५ मध्ये आपलं स्वतंत्र गाव केलं. वरवर ही कारभाराची साधी बाब दिसते. पण स्वतंत्र गाव झालं की कुठल्या जमिनीवर काय बांधायचं हे ठरवण्याचा अधिकार हाती येतो. बैठी सुटी घरंच बांधायची की चार मजली इमारतीला परवानगी द्यायची, हे गाव ठरवतं. क्युपर्टिनोने बहुतांश जमीन सुट्या घरांसाठी राखली. बागा तोडल्या गेल्या, गल्ल्या आखल्या गेल्या, पुढे हिरवळ आणि मागे अंगण असलेली घरं उभी राहिली.

ही घरं कुणाला मिळाली? इथे ताईच्या फायलीतलं ते पान पुन्हा समोर येतं. १९३४ नंतर अमेरिकन सरकार गृहकर्जांची हमी देऊ लागलं. कमी हप्त्याचं, तीस वर्षांचं कर्ज त्यातूनच सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. पण वस्ती 'एकजिनसी' असावी असा त्या हमीचा आग्रह होता आणि खरेदीखतात वंशाची अट असणं ही चांगल्या वस्तीची खूण मानली जाई. अशा अटी न्यायालयातून बजावता येणार नाहीत असं १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. अटी कागदावरून मात्र गेल्या नाहीत. दलाल, बँक आणि शेजारी मिळून तेच काम न लिहिता करत राहिले. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाने घरांच्या व्यवहारातला भेदभाव रोखणारा कायदा केला, तर १९६४ मध्ये राज्यातल्या साधारण दोन तृतीयांश मतदारांनी मतदान करून तो उलटवला. तो कौल घटनाबाह्य ठरवायला १९६७ पर्यंत न्यायालयात झगडावं लागलं आणि देशभराचा कायदा आला १९६८ मध्ये. तोवर इथल्या कितीतरी गल्ल्या भरूनही गेल्या होत्या.

सगळेच तसे वागले असंही नाही. जोसेफ आयक्लर या बांधकाम व्यावसायिकाने वंश न पाहता कुणालाही घरं विकायचं धोरण ठेवलं. क्युपर्टिनोतल्या फेअरग्रोव्ह भागात १९६० च्या सुमारास त्याने बांधलेली काचेच्या भिंतींची घरं आजही आहेत. जवळच मिलपिटासमध्ये मोटार कामगारांच्या संघटनेने १९५५ च्या सुमारास सनीहिल्स ही मिश्र वस्ती उभी केली, कारण फोर्डचा कारखाना तिथे हलला होता आणि कृष्णवर्णीय कामगारांना जवळपास कुणी घर देत नव्हतं. म्हणजे दुसरा रस्ता होता. तो घेणारे थोडे होते, एवढंच.

तर पहिली चाळणी ही: कातडीची. ती कायद्याने गेली. पण जे १९५० आणि ६० मध्ये आत आले त्यांच्या घरांच्या किमती पुढे शंभरपटीपर्यंत वाढल्या आणि जे बाहेर राहिले त्यांच्या मुलांच्या हाती विकायला काहीच नव्हतं. चाळणी काढून घेतली तरी चाळलं गेलेलं पीठ परत मिसळत नाही.

दुसरी चाळणी आपल्याशी थेट जोडलेली आहे. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने देशानुसार ठरलेला जुना, युरोपला झुकतं माप देणारा कोटा काढला आणि दोन दारं उघडली: नातेवाइकांचं आणि कौशल्याचं. त्याआधी १९४६ पासून भारतातून वर्षाला १०० माणसं घ्यायची अशी तरतूद होती. शंभर! १९६५ नंतर डॉक्टर, अभियंते, शास्त्रज्ञ जाऊ लागले. १९९० च्या कायद्यातून एच-१बी व्हिसा आला. त्यासाठी पदवी लागते आणि ती पदवी मागणारी नोकरी लागते. वर्षाची मर्यादा ६५,००० होती. संगणक कंपन्यांची भूक वाढली तशी ती वाढवत २००१ ते २००३ या वर्षांसाठी १,९५,००० पर्यंत नेली आणि मग परत खाली आणली.

इकडे महाराष्ट्रात काय चाललं होतं? १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याआधी अभियंता व्हायचं तर राज्यातल्या मोजक्या सरकारी किंवा अनुदानित कॉलेजांत नंबर लागावा लागे. आता जिल्ह्या-जिल्ह्यांत कॉलेजं निघाली. देणगीवरून, दर्जावरून टीका झाली आणि ती बरीचशी रास्त होती. पण ऊस विकून आलेल्या पैशातून फी भरून शिकलेली मुलं १९९० च्या दशकात संगणकाच्या नोकऱ्यांना लागली, ती याच कॉलेजांतून. वर्ष २००० च्या तारखेचा घोळ निस्तरायला अमेरिकेला हजारो प्रोग्रामर हवे होते, त्याच वेळी इकडे ते तयार होते. ताई त्या लाटेतली. मामाने तिच्या दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी दोन म्हशी विकल्या होत्या, हे आमच्या घरात अजून सांगतात.

आता नीट बघा. भारतातल्या कोट्यवधी मुलांतून बारावी सायन्सला किती गेली, त्यातून अभियांत्रिकीला किती, त्यातून संगणकाच्या नोकरीला किती, त्यातून व्हिसा किती जणांना आणि त्यातून क्युपर्टिनोत घर घेण्याइतका पगार किती जणांना? एवढ्या चाळण्यांतून जे खाली उतरले त्यांच्याकडे बोट दाखवून "भारतीय लोक अमेरिकेत सर्वांत जास्त कमावतात, बघा" असं म्हणणं म्हणजे ऑलिंपिकच्या गावात उभं राहून या देशाची माणसं किती वेगाने पळतात असं म्हणण्यासारखं आहे. ताईच्या मेहनतीला मी कमी लेखत नाही. तिची मेहनत मी जवळून पाहिली आहे. पण तिच्याइतकीच मेहनत करून कोल्हापुरातच राहिलेल्या तिच्या वर्गमैत्रिणीही मी पाहिल्या आहेत. आणि या तुलनेची खरी झळ कृष्णवर्णीय अमेरिकनांना बसते, कारण लगेच पुढचं वाक्य येतं: "त्यांना का नाही जमत?" त्यांना कुणी चाळून आणलं नव्हतं. त्यांना साखळदंडांत आणलं आणि मग घरांतून अडवलं.

कुटुंबाच्या उत्पन्नाकडे परत येते. ताई लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर गेली. स्वतः संगणक अभियंता. पण त्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. सहा वर्षं ती घरी बसली. पोळ्या लाटताना लॅपटॉप समोर ठेवून नवीन भाषा शिकायची, प्रोग्रामिंगच्या. ग्रीन कार्ड आलं तेव्हा कुठे नोकरी धरली. तिच्यानंतर आलेल्यांची रांग तर फारच लांबली, कारण नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही, मग तो देश आइसलँड असो की भारत. रांगेत अडकलेल्यांच्या जोडीदारांना काम करायची मुभा मिळाली २०१५ मध्ये. या एका नियमाने किती तरी घरांत दुसरा पगार आला. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं, भारतीय कुटुंबाचं उत्पन्न वाढलं. आतून बघितलं तर एका शिकलेल्या बाईला तिच्या शिक्षणाचं काम करू दिलं, इतकंच घडलेलं असतं.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि हेच बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. गावाचा मध्यक वाढला म्हणजे गावातल्या माणसांचे पगार वाढले, असं समजू नका. ताईच्या शेजारी एक गोऱ्या आजी राहत. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. नवरा विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता. १९६८ साली घर घेतलं, तेव्हा पलीकडे चेरीची बाग होती म्हणे. त्यांच्या मागच्या अंगणात जर्दाळूचं एक जुनं झाड होतं आणि दर जूनमध्ये त्या ताईला जॅमची बरणी देत. त्यांचं उत्पन्न म्हणजे पेन्शन. समजा वर्षाला ५० हजार डॉलर. आता समजा, त्यांनी घर विकलं आणि तिथे दोघं अभियंते असलेलं जोडपं आलं, वर्षाला चार लाख कमावणारं. कुणाच्याही पगारात एक पैची वाढ न होता त्या घराचं उत्पन्न आठपट झालं. अशी शेकडो घरं हात बदलली की मध्यक वर चढतो. वाढलं ते माणसांचं उत्पन्न नव्हे, माणसं बदलली.

मग अशा आजी इतकी वर्षं राहू कशा शकतात? याचं उत्तर १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव १३ मध्ये आहे. घरपट्टीचा मूळ दर घराच्या किमतीच्या एक टक्का आणि ती किंमत कुठली, तर तुम्ही घर घेतलं तेव्हाची. दरवर्षी तिच्यात जास्तीत जास्त दोन टक्के वाढ. घर विकलं की नव्या किमतीवर पाटी नव्याने लिहिली जाते. १९८० मध्ये दीड लाखाला घेतलेल्या घराची कागदावरची किंमत चौरेचाळीस वर्षांनी साडेतीन-पावणेचार लाखांच्या आत राहते, म्हणजे पट्टी साडेतीन-पावणेचार हजार. शेजारचं तसंच घर आज तीस लाखांना घेणाऱ्याला तीस हजार. मुंबईतल्या पागडीच्या इमारतीत एका मजल्यावर जुना भाडेकरू शंभर-दोनशे रुपये भरतो आणि समोरच्या दारात हजारोंनी भाडं जातं, तसंच हे. यामुळे म्हाताऱ्या माणसांना घर सोडावं लागत नाही, हे चांगलंच. पण जागा रिकामी होत नाही आणि जी होते ती सोन्याच्या भावाने जाते.

२००५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने इथल्या मोन्टा व्हिस्टा आणि लगतच्या लिनब्रुक या हायस्कुलांबद्दल लिहिलं होतं, की अभ्यासाची चढाओढ फार वाढली म्हणून गोरी कुटुंबं या शाळा टाळू लागली आहेत. 'गोऱ्यांचं पलायन' हा शब्दप्रयोग तेव्हा पुन्हा चर्चेत आला. तसं काही कुटुंबांत घडलंही असेल. पण १९५० आणि ६० च्या पलायनाशी याची तुलना जुळत नाही. तेव्हा दलाल भीती घालून गोऱ्यांकडून पडत्या भावात घरं घेत आणि कृष्णवर्णीयांना चढ्या भावात विकत. इथून जवळच्या ईस्ट पालो आल्टोत हेच झालं आणि ती वस्ती पुढे गरिबीत कशी रुतली ते सगळ्या खोऱ्याने पाहिलं. क्युपर्टिनोत घर विकून जाणारा माणूस लखपती नव्हे, अनेकदा दशलक्षपती होऊन गेला. चांगल्या शाळांमुळे किमती वाढल्या, वाढलेल्या किमती परवडणारे पालक आले, त्यांच्या मुलांमुळे शाळांचे निकाल आणखी चढले, त्यामुळे किमती आणखी वाढल्या. या रहाटगाडग्याला अ‍ॅपलने जोर दिला. कंपनी १९७० च्या दशकाच्या शेवटापासून इथेच आहे आणि २०१७ मध्ये तिचं ते प्रचंड गोल मुख्यालय इथेच उघडलं. ज्या जमिनीवर ते आहे, तिथे एके काळी जर्दाळूच्या बागा होत्या.

ही तिसरी चाळणी: किमतीची. ती कुणाचा रंग विचारत नाही. म्हणूनच ती रास्त वाटते. पण ते दोन छोटे आकडे आठवा, ०.६ आणि ३.६. पहिल्या चाळणीने ज्यांना घर घेऊ दिलं नाही आणि दुसऱ्या चाळणीत जे कधी नव्हतेच, ते या तिसऱ्या चाळणीतून कुठल्या पैशाने उतरणार? ताईच्या धाकट्या मुलीच्या वर्गात मदतनीस असलेली बाई मेक्सिकन वंशाची आहे, ट्रेसीहून येते. डोंगर ओलांडून, रहदारी असेल तसे दीड-दोन तास. वर्गातली सगळी मुलं तिला नावानिशी ओळखतात, ती मुलांच्या डब्यांतलं थालीपीठ ओळखते. गावाच्या कुठल्याही आकड्यात ती नाही, कारण ती तिथे झोपायला नसते.

चाळणीची भोकं आता इतकी बारीक झाली आहेत की ज्यांच्यासाठी शाळा प्रसिद्ध झाल्या ती मुलंच कमी पडू लागली आहेत. लहान मुलं असलेल्या तरुण जोडप्यांना घर परवडत नाही, आणि मुलं मोठी झाली तरी आईवडील घर सोडत नाहीत, कारण वर सांगितलेली घरपट्टी. प्राथमिक शाळांची पटसंख्या वर्षानुवर्षं घसरली आणि २०२२ पर्यंत काही शाळा बंद करण्याची पाळी आली. राज्य सरकारने क्युपर्टिनोला २०२३ ते २०३१ या काळात ४,५८८ नव्या घरांची सोय करायला सांगितलं आहे, त्यातली बरीच कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी. आराखड्याची मुदत जानेवारी २०२३ होती, तो मंजूर झाला २०२४ मध्ये. विरोध करणाऱ्यांत गोरे होते, चिनी होते, भारतीयही होते. गर्दी होईल, शाळांवर ताण येईल, वस्तीचा बाज बिघडेल. वस्तीचा बाज हा शब्द १९५५ मध्येही वापरत असत.

मी तिथे असतानाच शेजारच्या आजींचं घर विक्रीला लागलं. त्या मुलीकडे ऑरेगनला गेल्या होत्या. शनिवारी दुपारी घर बघायला लोक येऊ लागले. दाराबाहेर पायरीवर चपलांची आणि बुटांची रांग लागली, आपल्याकडे सत्यनारायणाला लागते तशी. दलाल बाईने पायात घालायला कागदी मोजे ठेवले होते, पण कुणी ते घेतले नाहीत, सगळ्यांनी सवयीने पादत्राणं बाहेरच काढली. आत तेलुगू ऐकू आलं, मँडरिन ऐकू आलं. एक तरुण जोडपं मराठी निघालं, मूळचं नांदेडचं. ती सात महिन्यांची गरोदर होती. त्यांनी ताईला शाळेबद्दल विचारलं, पाण्याबद्दल विचारलं, मग हळूच विचारलं, "ताई, तुम्ही घेतलं तेव्हा केवढ्याला पडलं होतं हो?"

ताईने आकडा सांगितला. दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

घर त्यांना मिळालं नाही. नऊ जणांनी बोली लावली होती आणि ज्यांची मान्य झाली त्यांना जुनं घर पाडून दुमजली बांधायचं आहे. ताईने त्या नव्या मालकांना मागचं झाड दाखवलं आणि जूनमध्ये जर्दाळू किती लागतात ते सांगितलं. नकाशात तिथे गॅरेज येतं.